टेकवलेलं मडकं

लिबोरियो मोयो मोकळ्या पाठीनंही मडकं असल्यासारखाच चालायचा. गुडघे जरा वाकलेले, मान ताठ, पाऊल आधी चाचपायचं आणि मग टाकायचं. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याच्या कमरेत उसण भरली आहे. कसली उसण आणि कसलं काय! तीस-पस्तीस वर्षं त्यानं कुंतुर इकिन्या डोंगरावर समुद्राचं पाणी चढवलं, ती चाल अंगातच मुरली होती. लग्नाच्या नाचातसुद्धा तो तसाच नाचायचा. त्याची बायको बासिलिया होती तेव्हा सगळ्यांदेखत म्हणायची, "अहो, आज तरी उतरवा ते मडकं!"

मी तिमोतेओ, तिमो म्हणतात. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, आणि अकलेनं विचाराल तर पंचवीस वर्षांनी. उमापाल्का गावात आमची घरं समोरासमोर. तरुणपणी मी ट्रकवर हमाल होतो, सीमा ओलांडून आरिकाच्या बंदरापर्यंत जायचो. त्यामुळे समुद्राचं पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं आणि ते डोंगरावर न्यायचं त्याच्याकडे. म्हणजे ट्रकमध्ये बसून यायचं मी आणि ढोरमेहनत करायची त्यानं. मान मात्र त्याचाच मोठा, आणि तो रास्तच होता.

नोव्हेंबर संपत आला, पावसाळा तोंडावर आला, की मी प्लॅस्टिकच्या कॅनमधून पाणी आणायचो. चर्चच्या पायरीवर ते मडक्यात ओतायचं, लिबोरियोनं मडकं झोळीत घालून पाठीला बांधायचं आणि उजाडता उजाडता निघायचं. कुंतुर इकिन्याच्या खांद्यावर एक छोटं तळं आहे, त्यात ते पाणी ओतायचं. समुद्राचं पाणी तळ्याच्या पाण्याला हाक मारतं, मग ढग जमतात. वाटेत मडकं भुईला टेकवायचं नाही, एवढा एकच नियम. भुईला लागलं की पाण्याला वाटतं, आपण पोचलो. मग ते तिथंच राहतं, आणि वर जाऊन तुम्ही ओतता ते नुसतंच ओलं असतं. दम लागला तर उभ्यानं, काठीवर रेलून घ्यायचा.

डोंगर आमचा आजोबा. आम्ही सगळेच म्हणतो तसं, पण लिबोरियोचं त्याच्याशी खरंच घरच्यासारखं होतं. सकाळी दारात उभा राहून विचारायचा, "काय म्हातारबा, आज टोपी नाही? ऊन लागेल!" ढग असला की, "हां, आता शोभतोस." जेवायला कधी त्याच्याकडे पाठ करून बसायचा नाही. माझ्या लहानपणी त्या डोंगराच्या कमरेपर्यंत बर्फ असायचं. आता डोक्यावर एक मळकं फडकं तेवढं उरलंय. बर्फ वितळून खालच्या कुरणात झिरपायचं, कुरण बारा महिने ओलं राहायचं, आणि आमच्या अल्पाकांना, त्या लोकरीच्या जनावरांना, तेच लागतं. कोरड्या गवतावर त्यांचं भागत नाही. आयांना दूध सुटत नाही, पिलं पायांवर उभी राहायच्या आधीच मरतात. बर्फ आटलं तेव्हा सगळी भिस्त पावसावर आली, आणि मग पाऊसही फिरकेनासा झाला. गावात चाळीस घरांतून धूर निघायचा, त्याची अकरा घरं झाली.

तिसऱ्या कोरड्या वर्षी त्याच्या लेकीनं, देल्फिनानं, विषय काढला. मी तिथंच चुलीपाशी बसलो होतो. तिचा नवरा रेमिहिओ दाराशी बसून टोपी फिरवत होता. त्याचा भाऊ सीमेपलीकडे, आरिकाजवळच्या खोऱ्यात टोमॅटोच्या मळ्यावर होता आणि सारखा बोलवत होता.

"बा, कार्निवलपर्यंत थांबते," देल्फिना म्हणाली. "कुरणात घोट्याएवढं पाणी आलं तर राहू. नाही आलं तर आम्ही निघालो. पोरींना काय धूळ चारू?"

"येईल की."

"तुमचं हे 'येईल' दरवर्षीचं आहे."

"मग दरवर्षी नेतोही मीच ना?"

"त्याचंच तर म्हणते. अडुसष्ट वर्षांचे झालात. या वेळी तिमोकाकांना बरोबर न्या. कुठं पडलात-बिडलात तर?"

त्या दोन पोरींत लिबोरियोचा जीव होता. बासिलिया गेल्यापासून त्या त्याच्याच अंथरुणात झोपायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. धाकटी झोपेत लाथा मारायची, आणि सकाळी हा गडी बरगडी चोळत सगळ्या गावाला कौतुकानं सांगत फिरायचा. त्या गेल्या तर त्याच्या घरात काय उरणार होतं? म्हणून त्या वर्षीचं मडकं त्याला नेहमीच्या दुप्पट जड होतं.

मी बरोबर गेलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण! तळ्याच्या अलीकडे एक उतार आहे. पूर्वी तिथं घट्ट बर्फ असायचं, पायऱ्या खोदून जायचो. आता नुसती सुटी दगडखडी. लिबोरियो पुढे गेला, पाऊल चाचपत, मांजरासारखा. त्याच्या मागून मी आलो, आणि पायाखालची खडी सुटली. मी घसरत एका घळीच्या तोंडाशी जाऊन अडकलो, एक पाय दगडात आणि बाकीचा तिमो हवेत.

"दादा!"

त्यानं वळून बघितलं. "अरे, धर की काहीतरी!"

"काय धरू? ज्याला धरतो तो माझ्याबरोबर खाली येतोय!"

तो तिथं उभा राहिला. तळं शे-दोनशे पावलांवर होतं. त्यानं एकदा वर बघितलं, एकदा खाली माझ्याकडे. पाठीवर मडकं घेऊन वाकला असता तर पाणी सांडलं असतं, आणि सांडलं म्हणजे सगळंच संपलं. वर जाऊन ओतून परत आला असता, तर तोवर मी घळीच्या तळाशी असतो. हे सगळं त्याच्या तोंडावर मला दिसत होतं. मग त्यानं झोळी सोडली, एका सपाट खडकावर मडकं ठेवलं, कमरेचा पट्टा सोडून माझ्याकडे टाकला आणि मला ओढून काढलं.

मी वर आलो तेव्हा तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्यानं मडकं उचललं, पाठीला बांधलं, तळ्यापर्यंत गेला, पाणी ओतलं, कोका पानं वाहिली. सगळं रीतसर केलं. उतरताना मात्र माझ्या कितीतरी पुढे चालत राहिला.

शेवटी त्याला गाठून मीच म्हणालो, "दादा, खडकावर ठेवलंस. खडक म्हणजे काय भुई नव्हे."

"मग काय आकाश?"

"कुणाला सांगायचं नाही. मी मेलो तरी बोलणार नाही."

"म्हातारबानं बघितलंय."

"म्हातारबा काय गावसभेत येऊन बोलणारे?"

डिसेंबर कोरडा गेला. जानेवारीत दोनदा ढग आले आणि जशी पाहुणी माणसं दारातूनच परत जातात तसे गेले. फेब्रुवारीत कार्निवलचा सण आला, कुरणात घोटा सोडा, टाच भिजेल एवढंही पाणी नव्हतं. सभा भरली. आमचा कारभारी मेल्चोर कोण कोण गाव सोडून जाणार ते विचारत होता, तेवढ्यात लिबोरियो उठला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मडकं टेकवलं गेलं. माझ्या हातून."

घ्या! हात दाखवून अवलक्षण. मी ताडकन उठलो. "माझ्यामुळं टेकवलं. मी पडलो होतो."

"तू बस रे तिमो," मेल्चोर म्हणाला. "तू पडायचाच. तू सपाट अंगणातसुद्धा पडतोस." एकदोघं हसले. मग हसणं विरलं आणि बोलणी सुरू झाली. तरीच! आम्ही म्हणतोय काय झालं! एवढी वर्षं सांभाळलंस आणि आत्ताच कसं सुटलं? लोक तावातावानं बोलत होते, पण त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. पाऊस न येण्याला कारण सापडलं होतं. लिबोरियो मान खाली घालून सगळं ऐकत होता. खरं सांगू का, तोही मला हलका झाल्यासारखा दिसला.

एकटी देल्फिना चिडली नाही. बाहेर आल्यावर तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "बा, जिवाला लावून घेऊ नका. तुम्ही टेकवलं नसतं तरी पाऊस आला नसता."

त्या दिवसातलं सगळ्यात कठोर बोलणं हेच होतं, आणि ती मायेनं बोलली होती.

"असं म्हणू नकोस," तो म्हणाला. "चूक माझी आहे. पुढच्या वर्षी नीट नेतो. पाऊस आला की परत यायचं, काय?"

"पाऊस आला की येते, बा."

दोन दिवसांनी ट्रक आला. पोरी मागच्या फळीवर बसून हात हलवत गेल्या. ट्रकची धूळ खाली बसेपर्यंत तो उभा होता, मग अल्पाका सोडायला गेला.

ते वर्षभर तो नुसता डोळ्यांत तेल घालून होता. मडकं नवं घडवून आणलं. झोळीची शिवण दोनदा घातली. मला बजावलं, "तू यायचं नाहीस. घरी बस आणि तिथंसुद्धा जपून बस." मी आरिकाला गेलो. कमरेइतक्या पाण्यात शिरलो, दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसरी कॅनमध्ये घेतली, जशी घ्यायची असते तशी. बूट भिजून दगड झाले होते. त्यानं पाणी घेतलं, एकटा वर गेला, दुसऱ्या दिवशी परत आला. डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले.

"टेकवलं नाही," तो म्हणाला. "वारा सुटला होता, पुढे जाता येईना. रात्र उभ्यानं काढली, कड्याला पाठ लावून. पण टेकवलं नाही."

आम्ही थांबलो. डिसेंबर. जानेवारी. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. कार्निवलला देल्फिनानं फोन केला, पाऊस झाला का विचारलं, त्यानं नाही सांगितलं. त्या संध्याकाळी मी त्याच्या अंगणात गेलो तर तो डोंगराकडे पाठ करून बसला होता.

"तिमो," तो म्हणाला, "माझं काहीच चुकलं नाही रे."

दुसऱ्या कुणाच्या तोंडी हे वाक्य फुशारकी वाटलं असतं. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"चुकलं असतं तर सुधारलं असतं. पोरी आल्या असत्या. आता काय सुधारू?"

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. अल्पाका माझ्याच मागे यायला लागल्या. मी चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, घातलेलं सूप नेऊन ठेवायचो, दुसऱ्या दिवशी गोठलेलं तसंच उचलायचो. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी त्याचं मनगट हातात घेतलं तर नुसती काडी. हा माणूस ठरवून मरत नव्हता, त्याला जगायला काही सापडत नव्हतं, एवढंच. मला वाटलं, मला ओढून काढायला यानं मडकं ठेवलं होतं. आता माझी पाळी.

"दादा, एक सांगायचं राहिलं," मी म्हणालो. "ते पाणी समुद्राचं नव्हतं."

त्यानं डोळे उघडले.

"ट्रकतळावरच्या नळाचं होतं. पाय दुखत होता, किनाऱ्यापर्यंत कोण जाणार! कॅन नळाखाली धरला आणि दोन मुठी मीठ टाकलं. म्हटलं, कोण चाखून बघतंय."

त्यानं अंगावरची घोंगडी बाजूला सारली. मग उठून बसला. मग उभा राहिला. पाच दिवस उपाशी असलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्याच थपडेला माझा कान वाजला.

"हरामखोरा! नळाचं पाणी? म्हातारबाला तू नळाचं पाणी पाजलंस? मीठ टाकून? सूप करत होतास का रे, नालायका?"

मार खाताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता. त्यानं मला दारापर्यंत ढकलत नेलं, माझ्या साती पिढ्या काढल्या, मग रागारागात मी आणलेलं सूप उभ्यानंच संपवलं आणि वाडगा माझ्या अंगावर फेकला. मी अंगणात वाडगा उचलून हसत होतो. म्हटलं, महिनाभर चिडेल, मग येईल बोलायला.

तो आला नाही. साडेतीन वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

त्या नोव्हेंबरला पाणी आणायला तो स्वतः आरिकाला गेला. सत्तराव्या वर्षी समुद्र पहिल्यांदा बघितला. बघून काय म्हणाला ते मला ऐकायचं होतं, फार ऐकायचं होतं. ते त्यानं मेल्चोरला सांगितलं आणि मेल्चोरनं मला. म्हणाला, "एवढं पाणी पडलंय, आणि त्या गाढवाला नळ सापडला!"

तीन वर्षं तो गेला. आरिकाला खाली आणि डोंगरावर वर. पाऊस एकदाही आला नाही, पण दर कार्निवलला त्याला आपली एखादी चूक सापडायची. एकदा म्हणे लाट दुसरीच घेतली गेली, तिसरी घ्यायची होती. एकदा खिंडीत शिंक आली. एकदा मडक्याला केसाएवढी चीर होती, निम्मं पाणी वाटेतच मुरलं. चर्चमागच्या टेकाडावर फोन लागतो. तिथून तो देल्फिनाला ओरडून सांगायचा, "कारण सापडलं गं! पुढच्या वर्षी नक्की!" मी माझ्या भिंतीआडून ऐकायचो. त्याच्या चुका संपत नव्हत्या, तोवर तो जेवत होता, अल्पाका राखत होता, सकाळी म्हातारबाला टोपी विचारत होता.

माझ्याशी मात्र मी त्याला दिसतच नसल्यासारखा वागायचा. माझी जनावरं त्याच्या जनावरांत मिसळली तर खडे मारून वेगळी काढायचा. पुढे मेल्चोरही गाव सोडून गेला. गावात धूर निघणारी दोनच घरं उरली, आणि त्या दोन घरांत एकमेकांशी न बोलणारे दोन म्हातारे. कितीदा वाटलं, जाऊन सांगावं, दादा, खोटं होतं रे ते, पाणी समुद्राचंच होतं, माझे बूट भिजले होते. सांगितलं असतं तर माझा मित्र मला परत मिळाला असता. आठवडाभर. मग मी त्याला पुरलं असतं. म्हणून मी जीभ चावून गप्प राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग यायचा. साडेतीन वर्षं शेजाऱ्याला कुणी असं मारतं?

या ऑगस्टमध्ये, आमच्या हिवाळ्यात, थंडी फार पडली. एका सकाळी त्याच्या घरातून धूर दिसला नाही. मी आत गेलो. तो पडून होता, छाती भात्यासारखी वाजत होती, ओठांची सालं निघाली होती.

"दादा, पाणी देऊ?"

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बोलला. "तुझ्या हातचं नको."

आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारच्या आधी गेला.

देल्फिना तिसऱ्या दिवशी आली, रेमिहिओला आणि पोरींना घेऊन. पोरी तिच्या खांद्यापर्यंत आल्या होत्या, आणि दोघींना वर चढताना दम लागत होता. मेल्चोर आला, आणखी पाचसहा जण आले. पुरून झाल्यावर आम्ही थडग्याभोवती बसलो. देल्फिना कोका पानांचं फडकं घेऊन एकेकापुढे जात होती, जो तो दोन्ही हात पुढे करून पानं घेत होता. माझ्यापुढे येऊन ती थांबली.

"तिमोकाका, बा फोनवर सांगायचे. नळाचं पाणी, आणि वर मीठ. खरं का ते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"जाताना मी बांना म्हणाले होते, नाहीतरी पाऊस आला नसता. तेव्हापासून ते बोलणं मला खातंय." तिचा आवाज फाटला. "ते उगाच का इतक्यांदा वर गेले? काहीच होणार नव्हतं त्यानं? सांगा ना. त्या वर्षी तुम्ही नीट पाणी आणलं असतं तर आला असता पाऊस? आम्ही परत आलो असतो?"

तिच्या डोळ्यांत राग होता, पण रागाखाली दुसरंच काही होतं. बापाचंच तोंड ते. तिला कुणीतरी चुकलेलं हवं होतं.

"हो," मी म्हणालो. "आला असता. माझ्यामुळं नाही आला."

तिनं मान हलवली. माझे हात पुढे केलेले होते. तिनं फडकं उचललं आणि माझ्या शेजारी बसलेल्या मेल्चोरपुढे धरलं.